एका आकड्यात दडलेले पर्याय

लिनक्सवर पायथनला एखाद्या साध्या फाइलची माहिती विचारली, की उत्तरातला पहिला आकडा बहुधा ३३१८८ असतो. फोल्डरची विचारली, तर बहुधा १६८७७. हे ना फाइलचे आकारमान, ना तिचा क्रमांक. फाइल कोणत्या प्रकारची, मालकाला काय करता येते, गटाला काय, बाकीच्यांना काय, ही सगळी उत्तरे त्या एका आकड्यात बसवलेली आहेत. दशमानात तो कितीही वेळ न्याहाळला तरी काही हाती लागत नाही. ३३१८८ अष्टमानात मांडला की १००६४४ असा दिसतो आणि उकलतो: शेवटचे ६, ४, ४ म्हणजे मालकाला वाचन-लेखन, गटाला आणि इतरांना फक्त वाचन, डावीकडचे १० म्हणजे साधी फाइल, मधले शून्य खास परवानग्यांचे, त्या इथे नाहीत. १६८७७चे अष्टमान रूप ४०७५५.

अनेक पर्याय एका पूर्णांकात भरण्याची ही रीत ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापासून नेटवर्कच्या पॅकेटपर्यंत सगळीकडे आहे. ती वाचायची कशी, हे शिकवायला पाठ्यपुस्तकाला एक पान पुरते. प्रत्येक पर्यायाला दोनचा एकेक घात द्यायचा: १, २, ४, ८, १६. द्विमानात यातल्या प्रत्येकात एकच बिट चालू असतो, त्यामुळे कोणतेही पर्याय एकत्र केले तरी ते एकमेकांत मिसळत नाहीत. जोडायला ‘ऑर’ (|), तपासायला ‘अँड’ (&), काढून टाकायला ‘नॉट’ (~) करून मग ‘अँड’, आणि उलटवायला ‘एक्सॉर’ (^). सहामध्ये चार आहे का? ११० & १०० = १००, म्हणजे आहे. एक आहे का? ११० & ००१ = ०००, नाही. पुस्तकी भाग एवढाच.

प्रत्यक्ष कामात चुका होतात त्या या चार चिन्हांमुळे नव्हे. आकड्याला कोणता प्रश्न विचारायचा, ते चुकते. ‘हा बिट चालू आहे का’, ‘हे सगळे बिट चालू आहेत का’, ‘यातला एखादा तरी चालू आहे का’ आणि ‘या तीन-चार बिटांमध्ये मिळून कोणती किंमत लिहिली आहे’ हे चार वेगळे प्रश्न आहेत. आकडा स्वतः यातले काहीच सांगत नाही.

आधी बेरीज-वजाबाकीचा गोंधळ. व्हिज्युअल बेसिकमध्ये ‘हो/नाही’ बटणांचा संदेश दाखवायचा तर बटणांसाठी ४ आणि प्रश्नचिन्हासाठी ३२, असे मिळून ३६ द्यावे लागतात. हे बहुतेक जण अधिकचे चिन्ह वापरूनच शिकले, कारण तिथली अधिकृत माहितीही ‘किमतींची बेरीज’ असेच म्हणते. प्रत्येक पर्याय एकदाच जोडला तोवर बेरीज आणि ‘ऑर’ यांचे उत्तर सारखेच येते. पण कोडच्या दोन फाट्यांवरून ३२ दोनदा जोडले गेले, तर होतात ६४, आणि ६४ म्हणजे माहितीचे चिन्ह. प्रश्नचिन्ह दोनदा मागितले आणि मिळाले भलतेच. ‘ऑर’ने ३२ दहा वेळा जोडले तरी ते ३२च राहतात.

वजाबाकीचे उदाहरण याहून वाईट, कारण त्यात सुरक्षेचा प्रश्न येतो. युनिक्समध्ये नवी फाइल तयार होताना ‘यूमास्क’ नावाचा आकडा ठरवतो की कोणत्या परवानग्या द्यायच्या नाहीत. बऱ्याच ठिकाणी सांगतात, ६६६मधून, म्हणजे सर्वांच्या वाचन-लेखनातून, यूमास्क वजा करा. यूमास्क ०२२ असेल तर ६४४ येते, बरोबरही असते, आणि शिकणाऱ्याची खात्री पटते. आता ०२७ घ्या. सर्व्हरवर हा यूमास्क सर्रास असतो. अष्टमानात ६६६ वजा ०२७ म्हणजे ६३७. हे खरे मानले तर बाहेरच्या कोणालाही वाचण्याची, लिहिण्याची, चालवण्याचीसुद्धा परवानगी! सिस्टिम मात्र वजाबाकी करतच नाही. ती यूमास्क उलटवून ‘अँड’ करते. ६ तसाच राहतो, दुसऱ्या ६मधून २चा बिट जाऊन ४ उरतो, तिसऱ्या ६मधून सगळेच बिट जाऊन शून्य. उत्तर ६४०. जो बिट मुळात नव्हताच, तो काढल्याने काही बिघडत नाही. वजाबाकीत मात्र हातचा घ्यावा लागतो आणि तो शेजारच्या परवानगीतून येतो.

‘एक्सॉर’च्या बाबतीत पीएचपीच्या जगात एक मासलेवाईक प्रकार झाला. कोणत्या चुका दाखवायच्या ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये ‘सगळ्या, फक्त स्ट्रिक्ट सोडून’ असे लिहायला अनेकांनी ई_ऑल ^ ई_स्ट्रिक्ट असे लिहिले. पीएचपी ५.३मध्ये ई_ऑलची किंमत ३०७१९ होती आणि तिच्यात स्ट्रिक्टचा २०४८ नव्हताच. ‘एक्सॉर’ तर बिट उलटवतो, त्यामुळे जो बंद होता तो चालू झाला आणि आकडा ३२७६७ बनला. २०१२च्या ५.४ आवृत्तीत ई_ऑलच ३२७६७ झाला, आणि तीच ओळ आता स्ट्रिक्ट बंद करू लागली. अक्षर न बदलता ओळीचा अर्थ उलटला. & ~ लिहिले असते तर दोन्ही आवृत्त्यांत एकच उत्तर मिळाले असते. ‘एक्सॉर’ फक्त खरोखर उलटवायचे असेल तेव्हाच वापरावा, आणि तशी वेळ फार क्वचित येते.

आता मुख्य मुद्दा. घरातल्या इलेक्ट्रिक बोर्डावर बटणे असतात आणि त्यांच्याच शेजारी पंख्याचा रेग्युलेटर असतो. बटण चालू किंवा बंद. रेग्युलेटर मात्र ० ते ५पैकी एकाच आकड्यावर. एकत्र भरलेल्या आकड्यांतही हे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी बसलेले असतात. काही बिट एकेकटे, स्वतंत्र, म्हणजे खरे फ्लॅग. काही बिट गटाने मिळून एक किंमत सांगणारे, म्हणजे क्षेत्र. क्षेत्राला फ्लॅग समजून तपासले की उत्तर कधी बरोबर येते, कधी चूक. नेहमीच चुकले असते तर लगेच सापडले असते.

परत फाइलच्या आकड्याकडे. त्यातले फाइलच्या प्रकाराचे चार बिट हे क्षेत्र आहे. अष्टमानात फोल्डर ०४००००, कॅरेक्टर डिव्हाइस ०२००००, साधी फाइल १०००००. आता ब्लॉक डिव्हाइस, म्हणजे हार्ड डिस्कसारखी साधने: ०६००००. सॉकेट: १४००००. कोणी ‘आकडा & ०४००००’ शून्य नसेल तर फोल्डर, असे लिहिले, तर सगळ्या फोल्डरांसाठी उत्तर बरोबर, सगळ्या साध्या फाइलींसाठीही बरोबर. पण डिस्क आणि सॉकेट हेही फोल्डर ठरतील, कारण ०६ म्हणजे ०४ आणि ०२, आणि १४ म्हणजे १० आणि ०४. चाचणीत कोणी सॉकेट तपासत नाही, म्हणून असा कोड वर्षानुवर्षे टिकतो. योग्य रीत अशी: आधी १७००००चा मास्क लावून ते चार बिट वेगळे काढायचे, मग ते ०४००००च्या बरोबर आहेत का ते पाहायचे. युनिक्सच्या हेडर फाइलींमध्ये यासाठी तयार मॅक्रो आहेत, ते याच कारणासाठी.

हाच सापळा विंडोजच्या संदेश-खिडकीत आहे. चूक दाखवणारे चिन्ह १६, प्रश्नचिन्ह ३२, इशारा ४८. इशारा म्हणजे चूक अधिक प्रश्न नव्हे. चिन्ह हे क्षेत्र आहे, त्यात ४८ ही तिसरी किंमत. बटणांचेही तसेच: ० ते ६ हे क्रमांक आहेत, फ्लॅग नाहीत.

विंडोज ९५च्या काळात फॅट फाइल सिस्टिममध्ये लांब नावांची सोय केली गेली, तेव्हा तर या सापळ्याचाच उपयोग करून घेतला. डॉसमध्ये फाइलचे गुणधर्म एका बाइटमध्ये असत: फक्त वाचन १, लपलेली २, सिस्टिम ४, डिस्कचे नाव ८, फोल्डर १६, अर्काइव्ह ३२. पहिले चारही एकदम चालू, म्हणजे १५, असे खऱ्या फाइलीत कधी होत नसे. लांब नावाचे तुकडे ठेवणाऱ्या नोंदींना नेमके हेच १५ दिले गेले. जुना डॉस त्यांना डिस्कचे नाव समजून सोडून देई आणि नवी सिस्टिम ओळखून घेई. फॅटची डिरेक्टरी स्वतः वाचणाऱ्याला मात्र सहा बिटांचा मास्क लावून, म्हणजे ६३शी ‘अँड’ करून, उत्तर १५ आहे का ते आधी पाहावे लागते. एकेक बिट तपासत गेला, तर एका फाइलीजागी नावे भरकटलेल्या चार-पाच ‘लपलेल्या सिस्टिम फाइली’ त्याला सापडतील. मला ही युक्ती एकाच वेळी कौतुकाची आणि चीड आणणारी वाटते.

क्षेत्र वाचायची हीच पद्धत देवनागरीच्या पोटातही आहे. यूटीएफ-८मध्ये ‘क’ तीन बाइटांत साठवला जातो: २२४, १६४, १४९. पहिल्या बाइटचे खालचे चार बिट (& १५) म्हणजे ०; दुसऱ्याचे खालचे सहा (& ६३) म्हणजे ३६; तिसऱ्याचे २१. ३६ला सहा जागा डावीकडे सरकवले, म्हणजे ६४ने गुणले, की २३०४, त्यात २१ मिळवले की २३२५. हाच युनिकोडमधला ‘क’चा क्रमांक.

शून्याची अडचण वेगळीच. युनिक्समध्ये फाइल उघडताना ‘फक्त वाचन’ ०, ‘फक्त लेखन’ १, ‘दोन्ही’ २. शून्याशी ‘अँड’ केले तर उत्तर नेहमी शून्यच, त्यामुळे ‘फक्त वाचन’ हा फ्लॅग म्हणून तपासताच येत नाही. ३चा मास्क लावून उरलेली किंमत पाहावी लागते. सी शार्पमध्ये हेच उलट्या बाजूने येते: तिथली ‘हॅजफ्लॅग’ ही पद्धत शून्य किमतीच्या पर्यायाबद्दल विचारली की कायम ‘हो’ म्हणते.

फाइल उघडण्याचाच एक आकडा उलगडून पाहू. लिनक्सच्या एखाद्या नोंदीत ५७७ दिसला. सर्वांत मोठा बसणारा घात ५१२: फाइल आधीची असेल तर रिकामी करा. उरले ६५, त्यात ६४: नसेल तर तयार करा. उरला १: फक्त लेखन. शेलमध्ये ‘>’ देऊन आउटपुट फाइलीत वळवले, की हेच घडते. पण हा उलगडा लिनक्सचा. मॅकवर ‘तयार करा’साठी ५१२ आहे आणि ‘रिकामी करा’साठी १०२४. म्हणजे ५७७चा अर्थ तिथे वेगळा. आकडा कुठला, कोणत्या आवृत्तीचा हे ठाऊक नसेल तर उलगडा करण्यात अर्थ नाही, मग गणित कितीही अचूक असो.

‘सगळे’ की ‘एखादा तरी’ हा फरकही याच आकड्यात सापडतो. लिनक्समध्ये फाइल उघडताना द्यायच्या ‘सिंक’ या पर्यायात ‘डीसिंक’चा बिट आधीच मिसळलेला आहे, २.६.३३ आवृत्तीपासून तसे केले गेले. त्यामुळे ‘आकडा & सिंक’ शून्य नाही, एवढ्याने सिंक मागितले होते असे ठरत नाही, कदाचित फक्त डीसिंक असेल. ‘(आकडा & सिंक) == सिंक’ असेच विचारावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीने हा भेद शोधाच्या भाषेतच आणला. तिथे प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्याला असाच एक आकडा असतो: साधे खाते ५१२, बंद केलेले २, पासवर्डची मुदत न संपणारे ६५५३६. म्हणून ६६०५० दिसले की साधे, बंद केलेले आणि कायमच्या पासवर्डचे खाते. शोधताना १.२.८४०.११३५५६.१.४.८०३ हा नियम लावला तर दिलेले सगळे बिट चालू असलेली खाती मिळतात, शेवटी ८०४ लिहिले तर एखादा तरी बिट चालू असलेली. एका अंकाच्या फरकाने यादी फुगते, आणि ती ऑडिटला जाते.

वरच्या सिंकच्या ओळीतले कंस शोभेचे नाहीत. सी भाषेत == हे & पेक्षा आधी सोडवले जाते. ‘आकडा & १७०००० == ०४००००’ असे कंसाशिवाय लिहिले तर आधी १७०००० आणि ०४०००० यांची तुलना होते, ती खोटी, म्हणजे शून्य, आणि मग कशाचाही शून्याशी ‘अँड’. संपूर्ण डिस्कवर एकही फोल्डर नाही, असे उत्तर. हे असे का, ते सीचे निर्माते डेनिस रिची यांनी सीच्या इतिहासावरच्या आपल्या १९९३च्या निबंधात सांगितले आहे. सीची पूर्वज असलेल्या बी भाषेत && नव्हतेच, & हेच दोन्ही कामे करी; && आल्यावर & चा अग्रक्रम बदलायला हवा होता, पण जुना कोड मोडू नये म्हणून तो तसाच ठेवला. हा वारसा जावा, सी शार्प, जावास्क्रिप्ट, पीएचपी यांनी घेतला. जावा आणि सी शार्पमध्ये प्रकार जुळत नाहीत म्हणून कंपायलर अडवतो. जावास्क्रिप्ट निमूट चालते. पायथन, गो, रस्ट, स्विफ्ट यांनी क्रम सुधारून घेतला. गोने तर बिट काढून टाकण्यासाठी &^ असे स्वतंत्र चिन्हच दिले, आणि ते इतर भाषांनीही घ्यायला हवे होते असे माझे मत आहे.

आकड्यातले चालू बिट एकामागून एक काढत जायचे असतील तर बत्तीसही जागा तपासायची गरज नाही. ‘क्ष & (क्ष − १)’ केले की सर्वांत खालचा चालू बिट नाहीसा होतो. ५७७मधून १ वजा केला की ५७६, दोघांचा ‘अँड’ ५७६. त्यातून ५७५शी ‘अँड’ केले की ५१२. पुढे ५११शी केले की शून्य. तीन फेऱ्या, तीन पर्याय. पीटर वेग्नर यांनी १९६०मध्ये हे छापून आणले होते. ओळखले मात्र जाते ते सीच्या पुस्तकाचे सहलेखक कर्निगन यांच्या नावाने.

जागा संपण्याचा प्रश्न पहिल्या दिवशी कोणालाच वाटत नाही. जावास्क्रिप्टमध्ये बिटांची चिन्हे आकड्याला ३२ बिटांचा, अधिक-उणे चिन्ह असलेला पूर्णांक समजतात. १ << ३१ केले की उत्तर −२१४७४८३६४८, म्हणून ‘शून्यापेक्षा मोठा आहे का’ असे तपासणारा कोड शेवटच्या फ्लॅगवर फसतो. ‘शून्य नाही ना’ असेच विचारावे. १ << ३२ केले की उत्तर १, म्हणजे तेहतिसावा पर्याय गुपचूप पहिला होतो. डिस्कॉर्डवरच्या परवानग्या वाढत गेल्या, तेव्हा त्यांच्या एपीआयच्या आठव्या आवृत्तीपासून तो आकडा मजकूर म्हणून पाठवला जाऊ लागला आणि वाचणाऱ्याने तो बिगइंटमध्ये घ्यायचा असे ठरले. लिनक्समध्ये नवी प्रक्रिया बनवणाऱ्या ‘क्लोन’ या कॉलचेही बिट भरले. त्यातले खालचे आठ बिट तर सिग्नलच्या क्रमांकासाठीच अडकले होते. २०१९च्या ५.३ आवृत्तीत ‘क्लोन३’ आणला गेला, त्यात फ्लॅगना ६४ बिट दिले.

मग हे सगळे अजून का वापरायचे? माझे उत्तर ते कुठे वापरायचे यावर अवलंबून आहे. कर्नेल, नेटवर्क, फाइल सिस्टिम, यंत्राचे रजिस्टर इथे हा साचा ठरलेला आहे आणि तिथे तो योग्यच आहे. टीसीपीच्या हेडरमध्ये सिन २ आणि अ‍ॅक १६ मिळून १८ येतात आणि घेणारे यंत्र ते एका घासात वाचते. मोटारीच्या ओबीडी सॉकेटमधून १३० आला, तर १२८ म्हणजे इंजिनचा दिवा लागलेला आणि उरलेले सात बिट म्हणजे २ बिघाड नोंदलेले. फ्लॅग आणि क्षेत्र एकाच बाइटमध्ये. पण एखाद्या दुकानाच्या हिशेबाच्या डेटाबेसमध्ये ग्राहकाच्या आवडीनिवडी ‘फ्लॅग्ज’ नावाच्या रकान्यात कोंबणे ही काटकसर नव्हे. ‘फ्लॅग्ज & ८’ या अटीला साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही, आणि पाच वर्षांनी आठ म्हणजे काय हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. जावात २००४पासून असलेला ‘एनमसेट’ आत बिटच वापरतो, ६४ पर्यायांपर्यंत एका ‘लाँग’मध्ये, पण बाहेर नावे दाखवतो. प्रोग्रामच्या आत आकडा मिरवण्याचे कारण तेव्हापासून उरलेले नाही.

शेवटचा प्रश्न अनोळखी बिटांचा, आणि याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. लिनक्सचा मूळ ‘ओपन’ कॉल न कळणारे फ्लॅग सरळ दुर्लक्षित करतो. दिसायला उदारपणा, पण त्यामुळे नवा फ्लॅग दिल्यावर जुन्या कर्नेलने तो पाळला की गिळला हे कळायला मार्गच नाही. म्हणून २०२०च्या ५.६ आवृत्तीत आलेला ‘ओपनअ‍ॅट२’ अनोळखी बिट दिसताच कॉल नाकारतो. टीसीपीत नेमके उलटे घडले. २००१मध्ये आरएफसी ३१६८ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजाने गर्दीची सूचना देण्यासाठी दोन राखीव बिट वापरात आणले, तर काही फायरवॉल ते शून्य नाहीत म्हणून पॅकेटच टाकून देऊ लागल्या आणि काही संकेतस्थळे नव्या लिनक्सवरून उघडेनाशी झाली. दोन वर्षांनी, १ एप्रिल २००३ला, स्टीव्ह बेलोविन यांनी हल्लेखोरांनी आपल्या पॅकेटवर ‘दुष्ट बिट’ चालू ठेवावा असा आरएफसी काढला. तो विनोद होता. फायरवॉलवाल्यांना तो जरा लागला असेल.

उलगडा करणारा कोड लिहिताना यावर साधा उपाय आहे. ओळखीचा प्रत्येक बिट नावात बदलल्यावर तो आकड्यातून काढून टाकायचा, आणि शेवटी जे उरेल ते आकडा म्हणूनच छापायचे. लिनक्सवरचे ‘एसट्रेस’ हेच करते: नावे आधी, उरलेला आकडा शेवटी. सी शार्प मात्र एक जरी बिट अनोळखी निघाला तरी सगळी नावे सोडून फक्त मूळ आकडा दाखवतो, मग ओळखीचे पर्यायही झाकले जातात. पायथनने ३.११मध्ये हा निर्णय प्रोग्रामरच्या हाती दिला. अनोळखी बिट दिसला की चूक म्हणून थांबायचे, तो टाकून द्यायचा, फ्लॅगपण सोडून नुसता पूर्णांक परत द्यायचा, की तो तसाच सांभाळायचा, असे चार मार्ग आहेत. साध्या ‘फ्लॅग’साठी न सांगता पहिला लागू होतो, ‘इंटफ्लॅग’साठी चौथा. बाहेरून आलेला आकडा वाचायचा असेल तर मी चौथा निवडतो. स्वतःच्या प्रोग्राममध्ये तयार झालेला असेल तर पहिला.